चावी हरवलेली जुनी तिजोरी कशी उघडावी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या लोखंडी तिजोऱ्या अजून पुष्कळ घरांत आहेत. कापसाचा व्यापार, जिनिंग-प्रेसिंग, सावकारी आणि सराफी यांत पैसा खेळत होता, तेव्हा त्या मुंबईहून रेल्वेनं आल्या आणि स्टेशनापासून पुढे बैलगाडीनं गावात गेल्या. पुढे वाटण्या झाल्या, मुलं सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेली. तिजोरी मात्र धाब्याच्या घरातच राहिली, कारण ती हलवायला कुणी धजलं नाही. आता घर पाडायचं किंवा विकायचं ठरतं, तेव्हा सगळे तिच्यासमोर उभे राहतात आणि चावीचा पत्ता नसतो.

जुन्या कुलपांचं आणि तिजोऱ्यांचं काम आमच्या घरात पिढीजात आहे. लोक फोनवर जे विचारतात, ते इथं उत्तरांसह दिलं आहे. माझं मत आधीच सांगतो: आधी घर शोधा, मग कुलूप समजून घ्या, आणि कटर अगदी शेवटी. या क्रमानं गेलं तर बहुतेक तिजोऱ्या न फोडता उघडतात.

चावी सापडत नाही. पहिलं काय करायचं?

शोधायचं, आणि नीट शोधायचं. तिजोरीची चावी ज्यानं ठेवली तो माणूस विसरभोळा नव्हता. ती चोराच्या हाती लागू नये म्हणून त्यानं विचार करून जागा निवडलेली असते. देवघरात देवांच्या पाटाखाली, पोथीच्या रुमालात, आजीच्या लुगड्यांच्या गाठोड्यात, धान्याच्या कोठीत तळाशी, खतावण्यांच्या पेटीत, शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या फटीत अशा जागा बघा. कपाटाच्या ड्रॉवरमध्ये फक्त हात घालून बघू नका. तो पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची बाजू, तळ बघा.

घरात नसेल तर माणसांना विचारा. अशा तिजोरीला बहुधा दोन चाव्या असत आणि दुसरी मुद्दाम वेगळ्या ठिकाणी ठेवली जाई. वाटणीच्या वेळी ती थोरल्या काकांकडे गेली असेल, एखाद्या आत्याकडे असेल, बँकेच्या लॉकरमध्ये असेल. जुन्या मुनीमजींच्या घरीही विचारा. त्यांच्या मुलांना कदाचित माहीत असतं की "ती लांब चावी" कुठे टांगलेली असायची.

आणखी एक: घर आवरताना सापडलेली एकही चावी भंगारात टाकू नका. या चाव्या आजच्या चाव्यांसारख्या दिसत नाहीत. लांब दांडा, टोकाशी पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी दात, कधी दांडा पोकळ, तर कधी मधून दुमडणारा. नव्या सुनेला किंवा नातवाला तो लोखंडाचा बिनकामाचा तुकडा वाटतो आणि तो भंगारवाल्याच्या पोत्यात जातो.

चाव्यांचा जुडगाच सापडला. त्यातली आमची कोणती?

सगळ्या एकेक करून कुलपात घालत बसू नका. आधी टॉर्च लावून चावीच्या भोकात बघा. आत मधोमध खिळ्यासारखी पिन उभी दिसली तर चावी पोकळ दांड्याचीच हवी. पिन नसेल तर भरीव. मग दाताची उंची भोकाच्या फटीशी जुळते का ते बाहेरूनच बघा. चावीच्या कडीवर आकडा ठोकलेला असेल तर तो दारावरच्या किंवा आतल्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळतो का, तेही बघता येतं. या तिन्ही चाचण्यांनंतर जुडग्यातल्या थोड्याच चाव्या उरतात.

कुलूप आतून चालतं तरी कसं?

हे समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतात. जुन्या तिजोरीत बहुधा लिव्हरचं कुलूप असतं. आत पितळी पात्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीला स्प्रिंग असते. चावीचा प्रत्येक दात आपापली पाती ठरलेल्या उंचीला उचलतो. सगळ्या पात्यांमधल्या खाचा एका ओळीत आल्या की कुलपाचा बोल्ट त्यांतून सरकतो. एखादी पाती कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही दुहेरी अट १७७८ साली रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिरानं आणली आणि आजही तीच चालते.

१८१८ साली चब या इंग्रज कुलूपकारांनी त्यात 'डिटेक्टर'ची भर घातली. चुकीच्या चावीनं किंवा तारेनं पाती जास्त वर गेली की ती तिथंच अडकून बसते, आणि मग खरी चावीसुद्धा चालत नाही. मालकाला कळावं की कुणीतरी कुलपाशी खेळलं आहे, हा हेतू. हे कुलूप उघडणं अशक्य मानलं जाई. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनावेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडून दाखवलं आणि इंग्लंडात मोठा गाजावाजा झाला.

लक्षात ठेवायची दुसरी गोष्ट अशी की कुलूप दार धरून ठेवत नाही. दार धरतात ते जाड दांडे, जे मूठ फिरवली की बाहेर-आत होतात. कुलूप फक्त त्या दांड्यांना अडवतं. म्हणजे दोन वेगळी कामं आहेत: चावीनं अडसर काढायचा, मुठीनं दांडे ओढायचे.

चावी बसते, पण फिरत नाही. मोडेल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे. सर्वांत जास्त तिजोऱ्या इथंच बिघडतात, म्हणून याचं उत्तर लांब देतो.

बहुतेक जण एका हातानं चावी फिरवतात आणि दुसऱ्या हातानं मूठ उघडायच्या दिशेनं दाबून धरतात. त्यामुळे दांड्यांचा सगळा भार कुलपाच्या बोल्टवर येतो आणि चावी जागची हलत नाही. उलटं करा. मूठ बंद करायच्या दिशेनं हलकेच ढकला आणि त्याच वेळी चावी फिरवा. दार गुडघ्यानं किंवा खांद्यानं आत दाबून बघा. जुनी दारं बिजागरीवर खाली लोंबतात, म्हणून मुठीखाली हात देऊन दार किंचित वर उचलून धरल्यावरही फरक पडतो. दाराशी दोन माणसं आणि चावीशी एकच माणूस, अशी विभागणी चांगली.

तरी फिरली नाही, तर चावी उघडायच्या उलट दिशेला, म्हणजे बंद करायच्या दिशेला हळू फिरवा. डिटेक्टरची पाती अडकलेली असेल तर ती अशी सुटते. चबच्या पहिल्या रचनेत त्यासाठी वेगळी चावी लागे, पुढच्या कुलपांत तीच चावी उलटी फिरवली की भागतं. ही साधी गोष्ट माहीत नसल्यानं खरी चावी हातात असूनही तिजोरी कापलेली मी पाहिली आहे, आणि त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर भोक स्वच्छ करा. आपल्याकडे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तिजोरीवर स्वस्तिक काढतात, हळद-कुंकू वाहतात, कुणी तुपाचं बोट लावतात. पन्नास-साठ दिवाळ्यांचं ते कुंकू भोकात उतरून तेलाशी मिसळतं आणि लालसर डांबरासारखा थर धरतो. दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे कुंभारमाशीचं घर. बंद खोलीत ती चावीच्या भोकात माती भरते, आणि वाळलेली ती माती सिमेंटसारखी लागते. मऊ ब्रश, लाकडी काडी आणि हवा मारायचा ब्लोअर पुरे. पाणी घालू नका आणि भोकात सुई-तार खुपसू नका.

चावी दोन बोटांच्या जोरानं फिरली पाहिजे. चिमट्यानं किंवा पकडीनं चावी फिरवायची वेळ आली असं वाटलं, की थांबायचं.

कोणतं तेल घालावं?

खोबरेल तेल अजिबात नको. घरात असतं म्हणून लोक तेच घालतात. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि आपल्याकडच्या हिवाळ्यात पात्यांमध्ये मेणासारखं बसतं. उन्हाळ्यात पातळ होतं, पण तोवर त्यानं धूळ धरलेली असते. गोडेतेलानं चिकट थर तयार होतो. शिवणयंत्राचं पातळ तेल दोन-तीन थेंब घालून रात्रभर थांबा. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा गंज आणि जुनं ग्रीस सैल करायला चालतो, पण नळी लावून थोडाच मारा. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला चोळणं हाही चांगला उपाय आहे, मात्र तेल आणि शिसं एकत्र करू नका, त्याचा चिखल होतो.

चावी आतच मोडली तर?

मोडलेला तुकडा दिसत असेल तरी फेविक्विक लावून ओढायचा प्रयत्न करू नका. गोंद पात्यांवर ओघळला तर कुलूप कायमचं गेलं. तुकड्याचा उरलेला भाग जपून ठेवा. दोन्ही तुकडे जोडून कारागीर नवी चावी बनवू शकतो, म्हणजे मोडलेली चावीसुद्धा मोलाची आहे.

आमच्या तिजोरीला चावीचं भोकच दिसत नाही!

असतं, लपवलेलं असतं. नाव कोरलेली पितळी पट्टी बाजूला सरकते, सिंहाचं तोंड किंवा फूल एका खिळ्यावर फिरतं, दारावरच्या रिव्हेटच्या ओळीतला एक रिव्हेट दाबला जातो किंवा आटे फिरवून निघतो. देशी बनावटीच्या तिजोऱ्यांत तर एकामागून एक दोन-तीन चाव्या ठरलेल्या क्रमानं लावाव्या लागतात. आधी एक बटण फिरवायचं, मग पहिली चावी, मग ती तशीच ठेवून दुसरी.

शोधायची एक पद्धत सांगतो. खोलीत अंधार करा आणि टॉर्च दाराला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. जी पितळी वस्तू हलत नाही तिच्या कडेला ब्रासो पॉलिशचा पांढरट-हिरवा थर साचलेला दिसेल. जी हलते तिच्या एका बाजूची कड स्वच्छ असते, आणि लोखंडावर तिच्या फिरण्याची बारीक अर्धगोल रेघ उमटलेली असते. मग बोटांनी चाचपा. वर्षानुवर्षं अंगठा जिथं टेकला, ती जागा गुळगुळीत लागते.

तिजोरी कोणत्या कंपनीची आहे याला महत्त्व आहे का?

हो. खान्देशात इंग्लंडच्या चब आणि मिल्नरच्या तिजोऱ्या सापडतात, गोदरेजच्या खूप सापडतात आणि नाव नसलेल्या देशी कारखान्यांच्याही. गोदरेजनी १८९७ साली मुंबईत कुलपांचं काम सुरू केलं आणि १९०२ पासून तिजोऱ्या बनवल्या. नाव कळलं की कुलपाची जात कळते आणि कारागीर त्या तयारीनं येतो. पाटीचा, मुठीचा, भोकाचा आणि सगळ्या आकड्यांचा स्वच्छ फोटो काढून आधी पाठवा. कंपनी चालू असेल तर नंबर कळवून तिच्याकडेही विचारणा करा, मालकीचे कागद हाताशी ठेवून.

नाक्यावरच्या चावीवाल्याला बोलवू की तिजोरीच्या कारागिराला?

दुचाकीची, कपाटाची, गोदरेजच्या आधुनिक कुलपाची चावी बनवणारा हुशार असतो, यात शंका नाही. पण जुन्या तिजोरीचं काम वेगळं आहे. त्यानं याआधी लिव्हरच्या तिजोऱ्या उघडल्या आहेत का, हे स्पष्ट विचारा. जाणता कारागीर पहिल्यांदा भोकातून बारीक नळीचा कॅमेरा घालून आत बघतो. मग कोरी चावी घेऊन पात्यांच्या खुणांवरून दात कानसून बसवतो, किंवा खास हत्यारानं एकेक पाती उचलून बोल्ट सरकवतो. त्याला वेळ लागतो. कधी सकाळी सुरू केलेलं काम दुसऱ्या दिवशी संपतं. तासाभरात उघडून देतो म्हणून जो कुलूप न बघताच सांगतो, त्याच्या पिशवीत बहुधा ग्राइंडरच असतो.

आणखी एक पारख आहे. जो माणूस तुमचं ओळखपत्र आणि घराचे कागद मागत नाही, त्याला काम देऊ नका. तो तुमच्याकडे मागत नाही, तसा तो दुसऱ्याकडेही मागणार नाही. दर आधी ठरवा, आणि न फोडता उघडल्याचा आणि छिद्र पाडावं लागल्याचा दर वेगळा लिहून घ्या.

गॅस कटरनं कापली तर पटकन होईल ना?

पटकन होईल आणि ज्यासाठी उघडायची तेच जळेल. जुन्या तिजोरीची भिंत म्हणजे लोखंडाचे दोन पत्रे आणि मध्ये आगीपासून बचाव करणारा मसाला. मिल्नरसारख्या इंग्रजी तिजोऱ्यांत तो लाकडाचा भुसा आणि तुरटी यांचा असे. आगीत तुरटीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि आतले कागद वाचतात, अशी ती युक्ती. पण कटरच्या ज्वालेपुढे हा मसाला टिकत नाही. भुसा आतल्या आत धुमसत राहतो, बाहेरून विझल्यासारखा दिसतो आणि खरेदीखतं काळी पडतात. कागद साधारण २३० अंशांना करपतो, चांदी ९६१ अंशांना वितळते, आणि गॅसची ज्वाला याच्या कितीतरी पुढची.

काही जुन्या तिजोऱ्यांच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉसही असतो. ग्राइंडर लावला की तो धुळीसारखा खोलीभर उडतो आणि छातीत जातो. माजघरात, पोरंबाळं उभी असताना हे काम करू नये, एवढं मी कळकळीनं सांगेन.

बिजागरी कापणंही वायाच जातं. बिजागरीच्या बाजूलाही चौकटीत शिरलेले दांडे किंवा पट्ट्या असतात, दार तसंच राहतं. अलीकडच्या काळातल्या तिजोऱ्यांत दुसरा आपोआप पडणारा अडसर असतो. घणाचे घाव घातले तर तो खाली पडतो आणि सोपं काम अवघड होतं.

अगदीच निरुपाय झाला तर अनुभवी कारागीर नेमक्या जागी एकच बारीक छिद्र पाडतो, त्यातून काम करतो आणि नंतर ते लोखंडी खुंटीनं भरून घासून देतो. ही जागा प्रत्येक कुलपाला वेगळी असते. ती मी इथं लिहीत नाही, कारण तेवढं वाचून चोराचंच काम सोपं होईल.

आमच्या तिजोरीला आकड्यांची चकती आहे.

खान्देशातल्या घरांत हे कमी, बँका आणि गिरण्यांच्या जुन्या ऑफिसांत जास्त. तीन चकत्या आणि प्रत्येकीवर १०० आकडे असतील तर कागदावर १० लाख जुळण्या होतात, तेव्हा अंदाजानं फिरवत बसू नका. आकडा बहुधा कुठेतरी लिहिलेला असतो: खतावणीच्या पहिल्या पानावर, तसबिरीच्या मागे, डायरीत फोन नंबर म्हणून. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात काही तिजोऱ्यांत अश्रुधुराची काचेची कुपी बसवत, दार फोडताना ती फुटावी म्हणून. तिकडची तिजोरी कुणी आणली असेल तर कारागिराला आधी सांगा.

तिजोरी आजोबांची. उघडायला कुणाकुणाची संमती लागते?

सगळ्या वारसांची घ्या, आणि बहिणींची विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. तरीही "बहिणींना नंतर सांगू" असं म्हणणारे भाऊ भेटतात. नंतर कितीही खरं सांगितलं तरी, आत एवढंच होतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि एका रिकाम्या तिजोरीवरून भाऊ-बहिणी कायमचे तुटतात.

म्हणून माझा आग्रह असतो की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला उघडा. सगळ्या माहेरवाशिणी आलेल्या असतात, जावई येतात, थोरली मंडळी असतात. कानबाईच्या उत्सवालाही भाऊबंद जमतात. उघडायच्या आधी दोन ओळींचं संमतिपत्र लिहून सर्वांच्या सह्या घ्या. कुलूप उघडल्यापासून शेवटची वस्तू बाहेर येईपर्यंत मोबाइलवर सलग चित्रीकरण करा. एकानं वस्तू काढायची, दुसऱ्यानं मोठ्यानं सांगायची, तिसऱ्यानं लिहायची. सराफाचा काटा बोलावून दागिने तिथंच तोलून घ्या. भाऊबंदांत वाद कोर्टात असेल, किंवा तिजोरीला सरकारी सील असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

जुना वाडा विकत घेतला, भिंतीत तिजोरी निघाली. ती आमचीच ना?

वाडा तुमचा, पण आतल्या वस्तूंचं तसं गृहीत धरू नका. विकणाऱ्याचा त्यांवर हक्क राहू शकतो, त्याला कळवून त्याच्यासमोर उघडणं सर्वांत सुरक्षित. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशात लपवलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. भिंतीत चिणलेली तिजोरी त्यात येऊ शकते. मजुरांना गुपचूप पैसे देऊन विषय मिटवणारे पुढे फार अडचणीत येतात.

गावच्या विकास सोसायटीच्या जुन्या तिजोरीची चावी हरवली आहे.

एकट्या सचिवानं किंवा चेअरमननं कारागीर बोलावू नये. संचालक मंडळाचा ठराव करा, सहाय्यक निबंधकांना कळवा, पंचांसमोर उघडा.

पुरात बुडालेली तिजोरी कशी हाताळावी?

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी दुकानांत आणि घरांत शिरलं. तेव्हा चिखलाचं पाणी तिजोऱ्यांतही गेलं. अशा वेळी वाळायची वाट बघू नका. चिखल वाळला की पात्या धरतात आणि तुरटीचा मसाला ओला राहून पत्रा आतून खातो. स्वच्छ पाण्यानं बाहेरून धुवा, भोकातलं पाणी बाहेर काढणारा डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारा आणि लवकरात लवकर उघडून घ्या. आतले ओले कागद एकमेकांपासून ओढून सुटे करू नका. सावलीत, पंख्याखाली, वर्तमानपत्रांच्या थरांत वाळवा. ऊन दाखवलं तर शाई उडते.

आत काय निघतं? सोनं असेल का?

जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सोन्याशी एवढं जोडलेलं आहे की सगळ्यांना तेच वाटतं. प्रत्यक्षात कागद सर्वांत जास्त निघतात: खरेदीखतं, गहाणखतं, पावत्या, वह्या, आणि बरेचदा तेच सोन्यापेक्षा उपयोगी पडतात. मोडी लिपीतले कागद टाकू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत त्यांची कदर होते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि लगोलग १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. घड्या घातलेले जीर्ण कागद जबरदस्तीनं उलगडू नका आणि सेलोटेप लावू नका.

चांदीचे रुपये निघाले तर चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका, नाणं गोळा करणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत घटते. इंग्रजी राजवटीतला रुपया ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा वजनाचा. १९४० च्या आधीचा जवळजवळ ९२ टक्के चांदीचा, १९४० ते १९४५ चा निम्म्या चांदीचा, म्हणून सगळे एकाच भावानं देऊ नका.

जुन्या नोटांचं सांभाळून. १६ जानेवारी १९७८ ला बंद झालेल्या हजार, पाच हजार, दहा हजारांच्या नोटांना संग्राहक विचारतात. २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या मात्र १० पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. दंड १०,००० रुपयांपर्यंत किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांपैकी जो जास्त तो.

पिस्तूल किंवा काडतुसं दिसली तर उचलू नका. दार लोटून घ्या आणि पोलिसांना कळवा. जुन्या काडतुसाचा भरवसा नसतो, आणि परवाना आजोबांचा होता, तुमचा नाही.

शंभर वर्षं जुनी तिजोरी परदेशातल्या मुलाकडे पाठवता येईल?

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि अशा वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. भारतीय पुरातत्त्व खात्याकडून आधी लेखी उत्तर घ्या.

न उघडताच दुसऱ्या घरी नेली तर?

नेता येते, पण वजन शेकडो किलोंत असतं. धाब्याच्या घराची लाकडी जमीन किंवा जिना ते पेलेल का, हे मिस्त्रीकडून तपासा. लोखंडी पाइपांवर सरकवा, पहारीनं एकाच कोपऱ्यावर उचलू नका. आडवी पाडली तर पात्यांच्या स्प्रिंग निखळू शकतात.

उघडली. आता पुढे काय?

दार लगेच बंद करू नका. उघड्या दारावर दांडे बाहेर काढून, चावी लावून-काढून दहा-बारा वेळा बघा, मग कुलूप खोलून साफ करून घ्या. नवी चावी बनवताना दोन बनवा. एक घरात, दुसरी बहिणीकडे किंवा बँकेत, आणि कुठे ठेवली ते घरातल्या दोघांना तरी सांगा. तिजोरी वापरायची नसेल आणि अंगणात किंवा ओट्यावर पडून राहणार असेल, तर दांडे बाहेर काढलेल्या अवस्थेत पक्के करा, म्हणजे दार लागणारच नाही. लपंडाव खेळताना लहान मूल आत शिरलं आणि दार लागलं, तर आत हवा नाही आणि आवाज बाहेर येत नाही. भंगारवाल्याला विकतानाही हे आधी करून मगच गाडीत चढवू द्या.